शेगडी डावीकडे, कोट उजवीकडे

१

थोरलीचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे, मग हेवा करायचे. दारू प्यायची आणि वर पगार! ती समजावून थकायची, की अहो, प्यायची नसते, हुंगायची असते. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. तोही सकाळी, जेवणाआधी, नाक ताजं असतं तेव्हा. पण ऐकतंय कोण? धाकट्या बहिणीच्या लग्नात वराकडच्या एका मावशींनी तिला कोपऱ्यात ओढून, 'मनावर घेतलं तर सुटते हो ही सवय,' असा दिलासासुद्धा दिला होता.

परदेशी मद्यं मागवून विकणाऱ्या एका कंपनीत ती होती. काय मागवायचं, काय परत पाठवायचं, बाटलीवर चवीचं वर्णन काय छापायचं, हे तिचं नाक ठरवायचं. इमारतीच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, उत्तरेच्या खिडक्या, एक सिंक. आत कुणी अत्तर लावून यायचं नाही, फुलं आणायची नाहीत, डबा उघडायचा नाही.

तिच्या आधी त्या खोलीत तिचे वडील बसायचे. धंद्यात त्यांना सगळे 'नाक' म्हणत, घरी दोघी मुली 'नाना' म्हणत. त्यांनी पेल्यावरची काचेची चकती नुसती उचलली, की पिंप गोदामात खिडकीपाशी होतं की भिंतीपाशी, तेही सांगायचे अशी ख्याती. मग एका साध्या तापाने ते नाक नेलं. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. खुर्ची थोरलीकडे आली आणि नाना घरी बसले. बायको आधीच गेलेली. जेवण म्हणजे कागद चावणं. 'आज काय आहे, जाड कागद की पातळ?' असं विचारूनच ते ताटावर बसायचे, आणि दोघी मुली हसायच्या, कारण दुसरं काय करणार?

त्या सकाळी मालकीणबाई स्वतः बाटली घेऊन आल्या. त्यांना अत्तराशिवाय राहवत नसे, म्हणून त्यांनी दारातूनच हात लांब केला.

"अमेरिकेची आहे. सिंगल माल्ट."

"अमेरिकेची? म्हणजे मक्याची नाही?"

"नाही गं, जवाचीच. एकाच भट्टीत गाळलेली. पण धूर बघ तिचा. स्कॉटलंडवाले ती दलदलीतली माती जाळतात ना, पीट? यांनी वाळवंटातल्या मेस्किट झाडाचं लाकूड जाळून जव सुकवलेत. घेणारे टपून बसलेत. मला आजच्या आज हो की नाही सांग."

थोरलीने पेल्यात थोडी ओतली. रंग जुन्या मधाचा. चकती ठेवली, जरा थांबली, उचलली, ओठ किंचित उघडे ठेवून श्वास घेतला.

धूर आला. आणि काय आला! गोडसर, जाड, भाजलेल्या सालीचा. त्यामागून आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपाची व्हॅनिला, करपायच्या बेतात असलेली साखर, चामडं. तिच्या हातांवर काटा उभा राहिला. इतकं मोकळं, इतकं लख्ख तिला कधी काही आलं नव्हतं. वर्षानुवर्षं धुकट काचेतून बघत होतो आणि आज कुणीतरी काच पुसली, असं झालं. मग तापलेलं लोखंड. मेण लावलेली लाकडी जमीन. ओली लोकर.

तिने डोळे उघडले. काहीतरी चुकत होतं.

पेल्यातल्या वासांना मागेपुढे असतं. एक आधी येतो, एक नंतर. डावं-उजवं नसतं.

लोखंड डावीकडून येत होतं. ओली लोकर उजवीकडून.

२

थोरली काही लगेच घाबरणारी बाई नव्हती. तिने आधी एक नाकपुडी दाबून पाहिली, मग दुसरी. फरक नाही. पेला हातात गोल फिरवला. फरक नाही. मग तिने खुर्चीसकट स्वतः तोंड फिरवलं, खिडकीकडे पाठ केली.

लोखंड आता उजवीकडे होतं.

म्हणजे पेला फिरवला तर काहीच हलत नव्हतं, आणि ती फिरली की सगळं फिरत होतं. आपण एखाद्या खोलीत बसलेले असतो तेव्हा होतं, तसं.

ती पेला घेऊन उठली. लोखंडाच्या दिशेने दोन पावलं टाकली, सिंकच्या अलीकडे थांबली आणि पुन्हा हुंगलं. आता शेगडीच म्हणावी इतकं जवळ होतं ते. आत पेटलेलं लाकूड, दारावर काजळी, पत्र्याला लागलेली धग. तिला गाल तापल्यासारखा वाटला. हात लावून पाहिला तर गाल गार. सिंकचा नळ गार. खोलीत कसलाच हीटर नव्हता, कधीच नव्हता.

'नाक दमलंय,' ती स्वतःला म्हणाली. 'नाहीतर मद्याच्या वाफेने एक बाजू बधिर झाली असेल. नाहीतर बाईंनी मेस्किट, वाळवंट वगैरे सांगून डोक्यात चित्र भरलं.' तिन्ही कारणं चांगली होती. तिन्हींवर तिचा विश्वास बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर बसवून घ्यायचंही नव्हतं. तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तिने घोट तोंडात घेतला, जिभेवर धूर आणि साखर पसरू दिली, सिंकमध्ये थुंकला, आणि एका दमात वर्णन लिहून काढलं: धूर, शेगडी, मेणाची जमीन, दाराशी टांगलेला ओला लोकरी कोट. दार कुठून आलं ते तिला कळलं नाही. पण कोटामागून गार हवेची एक बारीक रेघ येत होती, आणि गार हवा दाराच्या फटीतूनच येते.

मालकीणबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिल्या.

"अगं, हे वाचूनच घोट लागला मला! काय आज, नानांचं नाक उसनं आणलंस की काय?"

"घ्या तुम्ही," थोरली म्हणाली. "सगळा माल घ्या."

३

रविवारी दुपारी ती छोट्या बाटलीत थोडा नमुना काढून घरी आली. नानांना द्यायचा विचारही तिच्या मनात नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं.

"नाना, वासाला डावं-उजवं असतं का हो?"

नाना खिडकीपाशी रेडिओ उघडून बसले होते. त्यांना नाक गेल्यापासून वस्तू उघडायचा नाद लागला होता. "बाजारात असतं. पेल्यात कुठून असणार? डोकंबिकं दुखतंय का तुझं?"

"हिच्यात आहे."

"दाखव," ते म्हणाले, आणि जुन्या सवयीने हात पुढे केला. मग त्यांनाच हसू आलं. "दाखव म्हणे. आंधळ्याला आरसा. बरं, पेला तरी आण, हाताला बरं वाटेल."

तिने ओतलं. नानांनी दांडी चिमटीत धरली, पेला कलता केला, नाक आत नेलं. नाटकच होतं ते. डोळा मारायच्या बेतात होते.

मग त्यांचा चेहरा थांबला.

त्यांनी पेला खाली केला, वर केला. पुन्हा हुंगलं. त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जमिनीवर पडला आणि कपाटाखाली घरंगळत गेला, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"नाना?"

"बोलू नकोस." त्यांनी पेला नाकापासून हलू दिला नाही. "थांब. शेगडी आहे. लोखंडी. लाकडाची. डावीकडे." त्यांनी डोळे मिटले. "जमिनीला मेण लावलंय, कालपरवाच. आणि उजवीकडे, दाराशी, कोट आहे. ओला. लोकरीचा."

थोरलीने त्यांना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पण त्या क्षणी भीती कुठली वाटायला! नानांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, लहान पोर हसतं तसे, सगळे दात दाखवून. तिने धाकटीला फोन लावला. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, ती ओल्या केसांनी, पायात नवऱ्याच्या चपला घालून धावत आली. मग तिघंही एकमेकांना धरून रडली आणि हसली. धाकटीने पेला ओढून घेतला, जोरात हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! जळक्या लाकडासारखी. ह्याच्यासाठी मी अर्धी अंघोळ टाकून आले?"

"डावीकडून येतंय की उजवीकडून?" थोरलीने विचारलं.

"काय?"

"काही नाही."

नानांनी लगेच साबण मागवला, कॉफी मागवली, धाकटीचं डोकं हुंगलं. काहीच नाही. कागद. त्यांचं नाक फक्त त्या पेल्यात शिरल्यावर जागं होत होतं.

"असू दे," नाना म्हणाले. "एका खोलीत का होईना, मला नाक आहे. ओत गं कार्टे, अजून थोडी ओत."

४

मग घराला जणू उत्सवी कळा आली. थोरली कामावरून परतली, की नाना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी तयार. दोघं समोरासमोर बसायचे. एकदा हुंगायचं, बोलायचं, पुन्हा हुंगायचं. पिणं नाहीच, नानांनी आयुष्यात कामाचा घोट गिळला नव्हता. ती खोली त्यांनी बापलेकीने मिळून उलगडली. शेगडीवर रिकामी किटली. भिंतीत ओलसर चुना. टेबलावर सफरचंदाची सालं, सुकायला लागलेली. नाना तिच्यापेक्षा नेहमी थोडे पुढे असायचे.

"टेबलाच्या पलीकडे जा," ते सांगायचे, "दिव्याचं तेल लागेल बघ." आणि लागायचं.

तिला लहानपण आठवायचं, त्यांच्या मांडीवर बसून लवंगा आणि दालचिनी ओळखायचे ते दिवस. तेव्हाही ते असेच सांगायचे, पुढे जा, अजून पुढे, घाबरतेस काय.

एका संध्याकाळी बाहेर लख्ख उजेड असताना, खाली पोरांचा गोंगाट चाललेला असताना, नाना हुंगता हुंगता थांबले.

"कोट कुठे आहे?"

"उजवीकडे. दाराशी," ती म्हणाली, आणि तिने श्वास घेतला.

उजवीकडे फक्त गार हवा होती. ओली लोकर समोर होती. टेबलाच्या पलीकडे, अगदी सरळ समोर.

"कोट आपोआप हलत नाही, नाना."

"नाहीच हलत," नाना म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "कुणीतरी घातलाय तो."

दोघांनी पेले नाकाशी धरले, एकदम, न ठरवता. घर शांत झालं. थोरलीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, बारीक. नानांचा ऐकू येत होता, थोडा घरघरणारा. दोघांनी श्वास सोडला. आणि दोघांनी सोडल्यावरही एक श्वास आत जात राहिला, सावकाश, नाकातून, चवीने. त्यांच्या धंद्यात घेतात तसा.

तिने पेला आपटून ठेवला. नानांनी आपला ठेवला नाही.

"ऐकलंत?"

"फ्रिज असेल."

"नाना, आपला फ्रिज असा वाजत नाही."

"मग पाइप असेल," ते म्हणाले, आणि पुन्हा पेल्यात वाकले.

५

दुसऱ्या दिवशी तिने छोटी बाटली आपल्या कपाटात, स्वेटरांच्या मागे ठेवून कुलूप घातलं. नानांना सांगितलं, संपली.

"खोटं बोलतेस," नाना म्हणाले. चिडले नाहीत, हेच वाईट होतं. "अगं, तुला कळतंय का? तुला सगळं जग आहे. तू रस्त्याने जातेस तर पाव, पेट्रोल, पाऊस, सगळं फुकट मिळतं तुला. मला ती एक खोली आहे."

"त्या खोलीत कुणीतरी आहे, नाना."

"असू दे की. त्याची खोली आहे. मी पाहुणा. जरा हुंगेल आणि सोडून देईल."

तिने कुलूप काढलं नाही.

तेवढ्यात अमेरिकेहून माल आला. तिने पेट्यांमधल्या वेगवेगळ्या बाटल्या उघडून पाहिल्या. उत्तम व्हिस्की. धूर, व्हॅनिला, चामडं, साखर; सगळं समोरून आणि पेल्यातूनच. शेगडी नाही, जमीन नाही, कोट नाही. ती खोली फक्त त्या पहिल्या नमुन्याच्या बाटलीत होती. थोरलीला इतकं हलकं वाटलं, की ती एकटीच हसली.

मालकीणबाईंचा मात्र वेगळाच उत्साह. त्यांनी ते वर्णन बाटलीवर छापून घेतलं होतं आणि भट्टीच्या मालकाशी फोनवर बोलून त्या खुशीत आल्या होत्या.

"तो म्हणतो, एवढं सुंदर कुणी लिहिलं नव्हतं. फक्त एक विचारत होता. शेगडी कुठून आणली म्हणे? त्यांची पत्र्याची शेड आहे, भट्टी गॅसवर चालते. आणि ओला कोट तर त्यांच्याकडे कुणाला माहीतच नाही. पाऊसच पडत नाही तिकडे! हसत होता बिचारा." त्यांनी टाळी वाजवली. "आणि ऐक, ही बाजारात आणायच्या कार्यक्रमाला नाना हवेत मला. मंचावर. एवढं मोठं नाक घरात बसून काय करतंय?"

थोरलीने विचार केला. मंचावर नव्या मालातली बाटली उघडणार. नानांना काहीच वास येणार नाही, हिरमुसतील. पण लोक भेटतील, टाळ्या मिळतील, जुने दोस्त दिसतील. आणि त्या खोलीचा विषय कायमचा संपेल.

"येतील," ती म्हणाली.

६

कार्यक्रम भर दुपारी होता, एका हॉटेलच्या मोठ्या दालनात. उंच खिडक्या, पांढरे टेबलक्लॉथ, पेल्यांची झगमग. नाना सूट घालून आले होते आणि तो अजून त्यांना बसत होता याचा त्यांना कोण आनंद! जुने व्यापारी येऊन त्यांच्या पाया पडू बघत होते. "नाक आलं, नाक आलं," अशी कुजबुज झाली. धाकटी पहिल्या रांगेत फोन वर धरून चित्रण करत होती.

मालकीणबाईंनी भाषण केलं आणि मग स्वतःच्या हाताने नानांपुढे पेला ठेवला.

"आणि आपल्या गुरुजींसाठी, खास पहिल्या नमुन्याची बाटली!"

थोरली दालनाच्या दुसऱ्या टोकाला, पेल्यांच्या टेबलापाशी होती. ती निघाली तेव्हा नानांनी चकती उचलली होती.

आणि नाना बोलायला लागले. अहाहा, काय बोलले! कोणाला त्यांच्यावरून नजर काढता येईना. त्यांनी शेगडी दाखवली, किटली दाखवली, टेबलावरची सालं दाखवली. लोक खुर्च्यांच्या कडेवर आले. एका बाईने नकळत शाल ओढून घेतली. "आणि आता तो समोर उभा आहे," नाना म्हणाले, आनंदाने, एखाद्या मित्राची ओळख करून द्यावी तसे. "फार जवळ आलाय. कोटावर पाऊस आहे अजून. थांबा हं, जरा बघतो."

त्यांनी नाक पेल्यात घातलं आणि श्वास घेतला.

दालनात माइक चालू होता. तो श्वास सगळ्यांना ऐकू आला. आत जाणारा, लांब, सावकाश. लोक कौतुकाने हसले. श्वास आत जात राहिला. हसणं थांबलं. थोरली खुर्च्यांमधून वाट काढत होती, कुणाचे तरी गुडघे, कुणाची तरी पर्स, आणि तो श्वास अजून आतच जात होता. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत एवढी जागा नसते. कुणाच्याच छातीत नसते. पेल्याची काच आतून धुरकटली.

मग तो थांबला. नानांनी पेला खाली ठेवला. समोरच्या सगळ्या माणसांकडे, उंच खिडक्यांकडे, दिव्यांकडे त्यांनी डोळे मोठे करून पाहिलं.

"वा," ते म्हणाले.

टाळ्यांनी छत हललं.

थोरली मंचावर पोचली तोवर धाकटीने त्यांना मिठी मारली होती, आणि नाना तिच्या केसांत नाक खुपसून हुंगत होते.

"ताई!" धाकटी किंचाळलीच. "ताई, नानांना माझ्या शॅम्पूचा वास आला! खरंच आला! नाक परत आलं गं!"

७

नाक परत आलं होतं, त्यात शंकाच नव्हती. नानांनी घरी आल्यावर पडदे हुंगले, चपला हुंगल्या, उशा, वर्तमानपत्र, फ्रिजचं रबर. प्रत्येक वस्तूपाशी थांबून ते हसायचे. धाकटीचा आनंद गगनात मावेना. ती एकेक डबा उघडून पुढे करायची आणि नाना एकेक डबा बघायचे.

थोरलीने कॉफी केली. त्यांचा जुना कप, त्यांची कडक कॉफी. नानांनी कपावर वाकून दीर्घ श्वास घेतला.

"फार छान," ते म्हणाले. "हे काय आहे?"

धाकटी खदखदून हसली. "चेष्टा करतायत बघ! अहो नाना, कॉफी!"

"कॉफी," नाना म्हणाले. शब्द नीट ठेवून घेतल्यासारखा.

'इतकी वर्षं झाली, विसरले असतील,' थोरली स्वतःशी म्हणाली. 'माणूस विसरतो.' ती त्यांच्या मागे गेली आणि सूटची कॉलर सरळ करायच्या निमित्ताने वाकली. तिचं नाक त्यांच्या मानेपासून बोटभर अंतरावर होतं. सुटाला कपाटातल्या गोळ्यांचा वास होता. सदऱ्याला इस्त्रीचा होता. तिने मानेपाशी, कानामागे, जिथे माणूस सगळ्यात जास्त स्वतःसारखा असतो तिथे हुंगलं.

काही नव्हतं. कपडे होते, आणि कपड्यांच्या आत कुणी नव्हतं.

नाना वळले. त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ आला, नाकपुड्या फुलल्या.

"तुला फार छान वास येतो, बाळ," ते म्हणाले.

नानांनी तिला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. कार्टी म्हणायचे.

८

सकाळी ती कुणी यायच्या आत कामावर पोचली. कार्यक्रमाहून परत आलेली पहिली बाटली टेबलावर होती, तळाशी पेलाभर शिल्लक. तिने सगळी ओतली.

तिने श्वास घेतला.

शेगडी, विझत आलेली. मेणाची जमीन. ओली लोकर कुठेच नव्हती. समोर नाही, उजवीकडे नाही. दार मात्र बंद होतं. ती गार हवेची रेघ गेली होती. आणि दाराशी, जमिनीजवळ, कुणीतरी बसलं होतं.

तिला कळायला एक क्षणही लागला नाही. आपल्या माणसाच्या वासाला नाव नसतं, तो नुसता असतो. लवंगा ओळखताना तिच्या डोक्यामागे असायचा तो. तापात उशाशी असायचा तो.

"नाना!" ती ओरडली.

वास उठला. तो धावत आला, टेबलाला वळसा घालून, शेगडीला वळसा घालून, सरळ तिच्याकडे, आणि इतका जवळ येऊन थांबला की तिच्या वरच्या ओठाला ऊब लागली. ती रडत होती आणि हसत होती. सापडले होते. नाना सापडले होते!

फोन वाजला. धाकटी होती, गडबडीत.

"ताई, हे काय चालवलंय नानांनी? तुझं कपाट फोडलं. ती छोटी बाटली काढून मोरीत ओतली. म्हणतात, आता गरज नाही. आणि सारखे एकच, ताईच्या ऑफिसात चल, तिथली पण ओतू. ऐकेचनात, म्हणून आणलं. आम्ही खालीच आहोत, लिफ्टपाशी. तू जरा समजाव त्यांना."

लिफ्ट वर येताना त्या इमारतीत सगळीकडे ऐकू यायची. आत्ताही आली.

थोरलीने पेल्याकडे पाहिलं. लपवायचा कुठे? जो तिच्या बापाच्या नाकाने हुंगत येणार, त्याच्यापासून काय लपणार? बाटलीत परत भरायचा, खिडकीत ठेवायचा, सगळे विचार एकदम येऊन गेले. लिफ्टचं दार सरकलं. कॉरिडॉरमधून पावलं आली, घाईची, आणि त्यांच्यामधून तो श्वास, आत, आत, माग काढत.

तिने पेला तोंडाला लावला आणि एका दमात गिळला. शेवटच्या थेंबापर्यंत. घसा पेटला, डोळ्यांपुढे ठिणग्या आल्या. तिने पेल्यात बोट फिरवून तेही चाटलं.

नाना दारात उभे होते. ते आत आले. बाटली हुंगली, रिकामी. पेला हुंगला. सिंकवर वाकले, बराच वेळ. मग वळून तिच्यापाशी आले आणि तिच्या तोंडासमोर नाक आणून त्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली.

आणि अर्ध्यात थांबले.

तो चेहरा नानांचाच होता, पण त्यावर जे आलं ते तिने नानांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. पाठ दाराच्या चौकटीला लागली, तसे चौकट चाचपत बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले, आणि आत यायला काही तयार होईनात.

"आता काय झालं ह्यांना?" धाकटी धापा टाकत आत आली. "आणि तू काय रडतेस? सकाळी सकाळी प्यालीस की काय? ताई? अगं ए, बोल ना!"

धाकटीने पर्स टाकली आणि तिला घट्ट मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, तोंड तिच्या मानेत खुपसून.

मग धाकटीने एकदा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. आणि थोरलीच्या खांद्यावरून तिने कॉरिडॉरमधल्या त्या माणसाकडे मान वळवली.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "तुझ्या अंगाला नानांचा वास येतोय."